मदत दुसरीपासून हवी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शिकताना वेगळी मदत लागणाऱ्या मुलांची सोय शाळेतच, वेळेवर आणि प्रमाणपत्राची वाट न पाहता करण्याबाबत

मा. मंत्री महोदय,


दरवर्षी दहावीचे परीक्षा अर्ज भरायची वेळ आली की माध्यमिक शाळांमध्ये एक धावपळ सुरू होते. एखाद्या मुलाला नीट वाचता येत नाही, लिहिताना त्याची अक्षरं गळतात, हे पहिलीपासून सगळ्यांना दिसत असतं. पण अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची आठवण होते ती तेव्हा. पालक जिल्हा रुग्णालयाचे हेलपाटे घालतात, मुख्याध्यापक परीक्षा मंडळाकडे प्रस्ताव पाठवतात आणि सगळं जुळून आलं तर त्या मुलाला तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती मिळतात. या सवलती हक्काच्या आहेत आणि त्या राहिल्याच पाहिजेत. पण ज्या मुलाला आपण दहावीत तासामागे वीस मिनिटं देतो, त्याला दुसरी-तिसरीत रोज वीस मिनिटं शेजारी बसवून शिकवण्याची सोय आपण केलेली नाही. पेरणीच्या वेळी बियाणं द्यायचं नाही आणि काढणीला नुकसानभरपाई द्यायची, असा हा प्रकार आहे. तो थांबवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. समावेशित शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची आणि उतरता रस्ता येतो. त्या मुलांचे प्रश्न सुटलेले नाहीतच. उतार आहे पण शौचालयात खुर्ची वळत नाही, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. तरी निदान ती मुलं नजरेला पडतात. ज्यांची अडचण वरून दिसत नाही, त्यांची गत वेगळी. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०११ च्या जनगणनेतही तिला स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले, तेव्हा कुठे वाचन, लेखन, गणित यांत अडखळणारं हे मूल कायद्याला दिसलं. तोवर त्याच्यासाठी आपल्याकडे तीनच शब्द होते : ढ, आळशी आणि लक्ष नसलेला.

माझ्या वर्गात तिसरीत अशी एक मुलगी होती. वडील आठवडी बाजारात भाजी विकायचे, ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बसायची. सव्वा किलो कांदे, चोवीस रुपये किलो, गिऱ्हाइकानं पन्नासची नोट दिली तर परत किती, असं विचारलं की वाक्य संपायच्या आत ‘वीस’ म्हणायची. तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं की गप्प. वहीत ‘गणित’ ऐवजी ‘गिणत’, ‘सर्प’ ऐवजी ‘सप’. आईचं म्हणणं, ती मन लावत नाही. पण ही मुलगी एक ओळ वाचायला जेवढा जीव लावायची, तेवढा बाकीची मुलं अख्ख्या धड्याला लावत नव्हती.

ती चुकत होती, पण त्या चुकांना नियम होता. ‘गणित’ डावीकडून उजवीकडे पाहा : आधी ग दिसतो, मग वेलांटी, मग ण. डोळ्यांना दिसलं त्या क्रमानं वाचलं तर ‘गिणत’ हेच होणार. ऱ्हस्व वेलांटीचा उच्चार अक्षरानंतर येतो, पण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी. रफाराचं उलट : ‘सूर्य’ म्हणताना र् आधी येतो, पण तो जाऊन बसतो य च्या डोक्यावर. एकाच र ला आपण सूर्य, चक्र, राष्ट्र आणि तऱ्हा या शब्दांत चार वेगळी रूपं देतो. त्यात भर घ-ध, भ-म, ब-व या सारख्या दिसणाऱ्या जोड्यांची. बहुतेक मुलं ही वळणं नकळत शिकून जातात. काही मुलांना ती सुटी करून, हळूहळू, पुन्हा पुन्हा दाखवावी लागतात.

आकड्यांचंही तसंच. ‘त्रेसष्ट’ म्हणताना कानाला आधी तीन ऐकू येतात, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणपन्नास’मध्ये पन्नास ऐकू येतं, म्हणून ५९ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद पेटला. विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात हे पोटतिडकीनं सांगत होत्या. त्या पद्धतीबद्दल मतभेद जरूर असावेत. पण भाषेच्या अभिमानाच्या त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला : जी मुलं या संख्यानामांपाशी अडतात, त्यांना शाळेत कोण, कधी आणि कसं शिकवणार आहे?

शासकीय कागदावर अशा शिकवण्याला ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणतात. प्रत्यक्षात ते काय असतं, ते सांगते. माझ्या वर्गातल्या त्या मुलीसाठी शाळासमूहाच्या केंद्रावरून विशेष शिक्षिका यायच्या. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आधी फक्त कानावर काम सुरू केलं. ‘गणित’ म्हण. टाळ्या किती? तीन. मधल्या टाळीला काय ऐकू आलं? ‘णि’. मग ताटात पसरलेल्या रव्यात बोटानं आधी ण काढायचा, तो मोठ्यानं म्हणायचा आणि त्यानंतर डावीकडे येऊन वेलांटी द्यायची, म्हणजे हाताचा क्रम आवाजाच्या क्रमाशी जुळतो. एका दिवशी एकच गोष्ट. धडा वाचायचा तर ओळीखाली पट्टी धरून, आणि उत्तर आधी तोंडी, मग लेखी. वर्गात मी तिला पाच उदाहरणांऐवजी दोन द्यायची, सूचना एकेक करून द्यायची, पुढच्या बाकावर बसवायची. यात महागडं असं काहीच नव्हतं. लागत होता तो वेळ, आणि हे कसं करायचं ते जाणणारं माणूस. वर्षअखेरीस ती सोपा परिच्छेद हळू, पण स्वतःचं स्वतः वाचू लागली. पण या बाई आठवड्यातून एकदा येणार, अधूनमधून तेही नाही, कारण त्यांच्याकडे इतर शाळा होत्या, सर्वेक्षणं होती, शिबिरं होती, ऑनलाइन माहिती भरायची होती. रोज हवी असलेली मदत जमेल तशी मिळत होती.

महोदय, हे काम कायद्यानं सांगितलेलं आहे. २०१६ च्या कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य ते अध्यापनाचे व इतर उपाय करावेत. परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी त्यानंतरच्या सतराव्या कलमात येतात. आपण सतराव्या कलमातल्या सवलती अंगवळणी पाडून घेतल्या आणि सोळाव्या कलमातलं शिकवणं मागे राहिलं. सवलती देणं परिपत्रकानं साधतं. शिकवायला माणूस लागतं.

शिवाय सगळी व्यवस्था प्रमाणपत्राभोवती फिरते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून पुढे मिळतं. आठ वर्षांचं मूल आपल्याकडे तिसरीत असतं. म्हणजे प्रमाणपत्र पाहूनच मदत करायची म्हटलं तर पहिली आणि दुसरी ही पायाभरणीची वर्षं नियमानंच हातची जातात. त्यानंतरही वाट सोपी नाही. तपासणीला बालरोगतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक असे तज्ज्ञ लागतात. मुंबईत शीव आणि नायरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत ही सोय अनेक वर्षांपासून आहे. तालुक्याच्या गावी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधून सापडत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला जिल्ह्याच्या ठिकाणी एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं भाडं. तपासणी एका फेरीत संपत नाही. मग ती आई म्हणते, बाई, राहू द्या, पुढं बघू. तिला दोष कसा द्यायचा?

शिकवायला मात्र प्रमाणपत्र कशाला हवं? मूल कुठे अडतंय ते वर्गशिक्षकाला कळतं आणि ते पारखायची साधनं मराठीत आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये ‘डाली’ हा संच आणला. त्यात पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनी भरायच्या प्राथमिक चाळणी याद्या आहेत, आणि मराठी ही त्या संचातल्या पहिल्या भाषांपैकी एक आहे. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ नावाची पडताळणी सूची आणि ॲप दिलं. पहिला भाग वर्गशिक्षकानं भरायचा, दुसरा विशेष शिक्षकानं. निपुण भारत अभियानामुळे खालच्या वर्गांतल्या प्रत्येक मुलाचं वाचन आम्ही तपासतोच. म्हणजे कोण मागे पडतंय हे शाळेला ठाऊक असतं. माहिती भरून झाली की पुढे काय, याचं उत्तर मात्र कुणाकडे नसतं. ॲपवर नाव चढलेल्या मुलाच्या दिवसात फरक पडत नसेल, तर ती नोंद कुणासाठी केली?

आता विशेष शिक्षकांविषयी. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून अधिसूचित करायला सांगितलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ते अधिसूचित केलं : प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक. महाराष्ट्रात हे काम वर्षानुवर्षं कंत्राटी शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर ओढलं. अखेर २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळासमूहांच्या केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करते. पण हिशेब मांडून पाहू. राज्यात सर्व व्यवस्थापनांच्या मिळून एक लाखाहून जास्त शाळा आहेत. सगळी पदं भरली तरी एका विशेष शिक्षकामागे वीसहून जास्त शाळा येतात. फक्त सरकारी शाळा धरल्या तरी डझनाच्या वर. शाळेला आठवड्याचा एक दिवसही वाट्याला येणार नाही. त्यात पुन्हा भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण बहुतांशी प्रकारवार असतं : कुणी कर्णबधिर मुलांसाठी शिकलेलं, कुणी अंध, कुणी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी. केंद्रात मात्र सगळ्या प्रकारची मुलं एकाच्याच हाती सोपवली जातात.

म्हणून वर्गशिक्षकाला बरोबर घेतल्याशिवाय हे काम उभं राहणार नाही. आम्हाला प्रशिक्षणं मिळतात, पण त्यात एकवीस प्रकारांची नावं पाठ होतात आणि ‘गिणत’ लिहिणाऱ्या मुलीला सोमवारी सकाळी काय द्यायचं ते कळत नाही. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळतो, आणि त्यावर निवडणूक, सर्वेक्षण, अहवाल. या कामांतून सुटलेला वेळच त्या मुलाच्या वाट्याला जाऊ शकतो.

पैशांबद्दलही बोलायला हवं. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत, म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नाहीत. एवढ्यात उपकरणं, साहित्य, तपासणी सगळं बसवायचं. राज्यानं स्वतःचा हिस्सा वाढवल्याशिवाय कोणतीही घोषणा वर्गापर्यंत पोचणार नाही.

उशीर आता आणखी महाग पडणार आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि पुनर्परीक्षेतही उत्तीर्ण न झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली. ज्याची अडचण कुणी शोधलीच नाही, त्याला त्याच वर्गात त्याच पद्धतीनं पुन्हा वर्षभर बसवून काय हाती लागणार? तो फक्त आपल्यापेक्षा लहान मुलांमध्ये बसून मान खाली घालायला शिकेल. अशी अनेक मुलं पुढे शाळाच सोडतात, हे गावातला कुणीही सांगेल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, नंदुरबारकडचं भिली किंवा पावरी बोलणारं, ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन चार महिन्यांनी परतलेलं मूल मराठी वाचताना अडखळलं, तर ती अक्षमता नव्हे. त्याला घरच्या भाषेतून मराठीकडे नेणारा शिक्षक हवा, हंगामी वसतिगृह हवं, बुडालेला अभ्यास भरून काढणारे वर्ग हवेत. त्याच्या कपाळी शिक्का मारून मोकळं होणं जितकं वाईट, तितकंच ‘त्याची भाषाच वेगळी’ म्हणून खरी अडचण नजरेआड करणंही वाईट. प्रमाणपत्राच्या आधी शिकवून पाहण्याचा आग्रह मी धरते तो यासाठीसुद्धा. योग्य मदत मिळाल्यावर मूल भरभर पुढे गेलं तर प्रश्न संधीचा होता. नाही गेलं, तर पुढच्या तपासणीसाठी आपल्या हाती भक्कम नोंद असते.

खासगी शाळांनाही यातून सूट नाही. सरकारनं अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी समावेशित शिक्षण द्यावं, असं कायदा म्हणतो. तरीही शहरांत पालकांना ‘आमच्याकडे सोय नाही, मुलाच्या भल्यासाठी दुसरी शाळा बघा’ असं गोड शब्दांत ऐकवलं जातं. कुठे सोबतीच्या शिक्षकाचा पगार पालकांनीच द्यावा असा आग्रह होतो. ज्यांना परवडतं ते देतात, बाकीचे मुलाला घरी बसवतात किंवा शाळा बदलत राहतात. अशा शाळेची मान्यता नूतनीकरणाला येते, तेव्हा शिक्षण विभाग हा प्रश्न विचारतो का?

आपल्याकडे एका मुलाचे तीन मालक झाले आहेत. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे.  सर्वसाधारण शाळेतलं दिव्यांग मूल आपल्या विभागाकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आरोग्य विभागाकडे. अंगणवाडीत तपासणीच्या वेळी ‘उशिरा बोलतो’ अशी झालेली नोंद पहिलीच्या बाईंपर्यंत पोचत नाही. आईनं प्रत्येक दारात तीच कहाणी नव्यानं सांगायची.

म्हणून महोदय, माझ्या मागण्या अशा :

१. विशेष शिक्षकांची मंजूर पदं भरा आणि प्रत्येक तालुक्यात मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती याचा तक्ता जूनमध्ये शाळा सुरू होताना जाहीर करा. केंद्रस्तरावरची पदं ही सुरुवात समजा आणि केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रमाणापर्यंत जाण्याचं वेळापत्रक द्या.

२. पहिलीच्या अखेरीस आणि दुसरीच्या मध्याला मराठीतल्या साधनांनी प्रत्येक मुलाची पडताळणी करा. जे अडतं त्याला वेळापत्रकातच रोज वीस मिनिटांची लहान गटातली मदत द्या. यासाठी कोणतंही प्रमाणपत्र मागू नका.

३. विशेष शिक्षकाला माहिती भरण्याच्या कामातून मोकळं करा. त्याच्या कामाचा आढावा भरलेल्या रकान्यांवरून नको, मुलांच्या प्रगतीवरून घ्या.

४. तपासणीचं पथक महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी आणा आणि पालकाला कळेल अशा मराठीत लेखी अहवाल द्या.

५. सातवी-आठवीत पालकांना सवलतींची नीट माहिती द्या. गणिताऐवजी अंकगणित घेतलं तर पुढे गणितावर आधारलेल्या शाखांची वाट अडते, हे त्यांना निर्णयाआधी समजायला हवं.

६. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव सक्तीचा करा.

७. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेच्या दर्शनी भागात या मुलांसाठी जबाबदार शिक्षकाचं नाव आणि तक्रार कुठे करायची ते लावायला सांगा.

८. कायद्याच्या सतराव्या कलमानुसार दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करायचं असतं. त्याचे जिल्हावार आकडे लोकांसमोर ठेवा.

यातली दुसरी मागणी सगळ्यात आधी करता येण्याजोगी आहे. तिला नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षासाठी एक शासन निर्णय काढा, एका जिल्ह्यातल्या सगळ्या दुसरीच्या वर्गांपासून सुरुवात करा आणि वर्षअखेरीस किती मुलं वाचू लागली ते प्रामाणिकपणे तपासा. आम्ही शिक्षक त्यात कमी पडणार नाही, असं मी माझ्या अनेक सहकाऱ्यांना ओळखून लिहिते आहे. मूल शिकत नाही हे पाहत बसणं आम्हालाही सोसत नाही.

सरकारी शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी खासगी थेरपिस्टची फी भरायला पैसे नसतात, इंटरनेटवर शोधून देणारं कुणी नसतं. त्याच्यासाठी शाळा हीच एकमेव जागा आहे आणि आपण त्या शाळांचे मंत्री आहात. या पत्राचं उत्तर मला नको. ते दुसरीच्या वर्गांच्या वेळापत्रकात दिसू द्या.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेतील एक प्राथमिक शिक्षिका